मालकाच्या डोक्यातला कारखाना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही बेताच्या फाउंड्रीत जा आणि तिघांना एकच प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात रिजेक्शन किती झालं? मालक सांगतील, तीन-चार टक्के. क्वालिटीचा पोरगा जरा घुटमळेल आणि सात-आठ म्हणेल. फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले नग साफ करण्याचा, ठेकेदार नुसता हसेल आणि म्हणेल, ‘‘मॅडम, मागं ढीग पडलाय तो बघा की. मला कशाला बोलायला लावताय!’’

तिघंही खरंच बोलतात. मालकांच्या हिशेबात फक्त गिऱ्हाइकानं परत पाठवलेला माल येतो, कारण त्याची डेबिट नोट येते आणि ती खिशाला लागते. क्वालिटीवाला तपासणीच्या टेबलावर बाद केलेले नग मोजतो. फेटलिंगवाल्याच्या डोळ्यांसमोर मात्र सगळंच असतं : साचा फोडतानाच तडकलेलं, हवेची भोकं पडलेलं, अर्धवट भरलेलं, टेबलापर्यंतही न पोचलेलं. ते घणानं फोडून पुन्हा भट्टीत टाकतात. ‘‘परत भट्टीतच जातंय, वाया काय गेलं?’’ असं मालकच मला समजावतात. लोखंड वाया जात नाही, कबूल. पण इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज जळते. ती जळून गेली. वाळू गेली, कोअर गेला, बाइंडर गेला, मोल्डिंगवाल्याची पाळी गेली. आणि त्या नगाची डिलिव्हरी चुकली म्हणून टेम्पो अर्धा रिकामा गेला, ते वेगळंच. यातलं काहीही ‘रिजेक्शन’ या नावानं माझ्या हिशेबाच्या वहीत येत नाही. वीजबिलात, मजुरीत, वाहतुकीत विरघळून येतं. म्हणून ते कुणाला दिसत नाही.

मी फाउंड्रीतली नव्हे. मी हिशेब लिहिणारी. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर बसून रोजकीर्द आणि खतावणी लिहायला शिकले, पुढं टॅली आलं, पुढं जीएसटी आला, आणि आता बरेच मालक मला हिशेबापेक्षा भांडणं सोडवायला बोलावतात. भावाभावांची, बापलेकांची, काका-पुतण्यांची. लहान आणि मध्यम उद्योगांचा कारभार, त्यांची माहिती आणि त्यांच्यातली नवी कल्पना, या तीन विषयांवर परिसंवाद होतात तेव्हा तीन वेगळे तज्ज्ञ बोलावतात. मला मात्र हे तिन्ही विषय एकाच टेबलावर, एकाच माणसासमोर मांडलेले दिसतात. तो माणूस म्हणजे मालक. दर कुठे ठेवायचा, कुणाला उधारी द्यायची, कुठल्या पॅटर्नचा रायझर कुठं आहे, कामगारांच्या उचली किती, हे सगळं त्याच्या डोक्यात. कारखाना शेडमध्ये कमी आणि त्याच्या डोक्यात जास्त चालतो.

ही काही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०१५-१६ च्या नमुना पाहणीनुसार देशात शेतीबाहेरचे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग सुमारे ६ कोटी ३४ लाख होते. त्यातले ‘मध्यम’ म्हणावेत असे जेमतेम पाच हजार. बाकी सगळे सूक्ष्म आणि लघु, बहुतेक घरचेच. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली. आता यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तरी उद्योग ‘लघु’च. मध्यमाची मर्यादा १२५ कोटी आणि ५०० कोटी. म्हणजे शंभर कोटींची उलाढाल करणारा कारखानाही कागदावर लहान राहू शकतो. आणि त्याचा कारभारही लहानच असू शकतो : सह्या आण्णांच्या, तिजोरीची किल्ली आण्णांकडे, आणि आण्णा पंढरपूरला गेले की चेक थांबले.

कोल्हापूरचा उद्योग असा का घडला, हे समजून घ्यायला हवं. इथला कारखाना इंजिनिअरनं नव्हे, मिस्त्रीनं उभा केला. शेतीला पाणी उपसायला ऑइल इंजिन हवं होतं, ते बघून बघून बनवणारे हात इथं तयार झाले. इंजिनाला ओतकाम लागतं, म्हणून फाउंड्र्या आल्या. ओतकामाला घासूनपुसून माप आणायचं, म्हणून मशीन शॉप आले. कुपोला भट्ट्या जाऊन इंडक्शन आल्या, इंजिनांच्या जागी ट्रॅक्टरचे आणि गाड्यांचे सुटे भाग आले. ज्ञान मात्र हातातून हातात गेलं. कागदावर फार कमी उतरलं. त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे आणि आजची पंचाईतही तिथंच आहे.

इथून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर नांगरांचा कारखाना काढला आणि दहाच वर्षांत, १९२० मध्ये, तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. पुढं त्याचं मराठीतलं मोठं मासिक झालं, हे वाचकांना ठाऊक आहे. पण मुळात ते कारखान्याची खबर कारखान्याबाहेर पोचवणारं पत्रक होतं. शेतकऱ्याला नांगर विकणारा कारखाना आपण काय करतो हे लिहून छापतो, हे त्या काळात किती जणांना सुचलं असेल? आज खिशात फोन असलेल्या मालकाला आपल्याच कारखान्यात काल काय झालं हे लिहून ठेवायला वेळ नसतो. असो.

आता वाळूकडं येते, कारण खरा खजिना तिथं आहे. ग्रीन सँड मोल्डिंगमध्ये वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. पाणी तीन-चार टक्क्यांच्या आसपास असावं लागतं. कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर वाफ होऊन नगात भोकं पडतात. आता कोल्हापूरचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जून लागला की उघड्यावरची वाळू ओल धरते, हवा जड होते आणि रिजेक्शन वर जातं. दरवर्षी जातं. दरवर्षी मालक दोन महिने बेजार असतात आणि दसऱ्याला विसरतात.

एका फाउंड्रीतला फोरमन, पन्नाशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशात एक वही ठेवायचा. एलआयसीच्या एजंटानं दिलेली छोटी डायरी. तिच्यात तारखेसमोर आकडे होते : पाणी किती, बेंटोनाइट किती, पाऊस होता की ऊन, मशीन क्रमांक दोनवर काय झालं. पावसाळ्यात तो नवी वाळू आणि परतीची वाळू यांचं प्रमाण बदलायचा आणि मिक्सरची वेळ वाढवायचा. त्याच्या पाळीतला माल कमी बाद व्हायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. का, हे कुणी विचारलं नव्हतं. ‘‘त्याचा हातच तसा आहे,’’ असं मालक कौतुकानं सांगायचे. पुढं हा फोरमन चार हजार रुपये जास्त मिळतात म्हणून रस्त्यापलीकडच्या कारखान्यात गेला. डायरी खिशातच होती, तीही गेली. त्या पावसाळ्यात पहिल्या मालकांची जी हालत झाली ती मी वीजबिलातून पाहिली.

यात फोरमनचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यानं जे शोधलं ते त्याचं होतं. कुणी ते मागितलं नाही, त्याला त्याचा मोबदला दिला नाही, फळ्यावर त्याचं नाव लिहिलं नाही. इनोव्हेशन म्हटलं की आपल्याकडं लोकांना रोबो, थ्रीडी प्रिंटर आणि पेटंट आठवतं. शेडमध्ये ते रोज घडत असतं आणि त्याला नाव नसतं. कोअर शॉपमधली बाई कोअरमधून वायू बाहेर पडावा म्हणून सायकलच्या तारेनं नेमक्या जागी भोकं पाडते. ड्रिलिंगवरचा मुलगा भंगारातल्या अँगलचा फिक्स्चर जोडतो आणि नग बसवायला लागणारा वेळ निम्मा होतो. यातल्या कशाचीही नोंद ड्रॉइंगवर नसते. ती बाई बाळंतपणाला गेली की नवी मुलगी भोकं चुकीच्या जागी पाडते आणि क्वालिटीचा पोरगा पंधरा दिवस डोकं खाजवतो.

गंमत अशी की हे लिहून ठेवा असं सांगणारं प्रमाणपत्र बहुतेकांच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये लटकलेलं असतं. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेच्या ज्ञानावर स्वतंत्र कलम आलं. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, ते जपा, आणि गरज असेल त्याला ते मिळेल असं बघा, असा त्याचा सरळ अर्थ. पण ऑडिट जवळ आलं की काय होतं ते मी पाहिलंय. वाळू चाचणीचं रजिस्टर महिनाभराचं एका रात्रीत लिहिलं जातं, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. आकडे इतके सुरेख की एकही दिवस वाईट गेलेला नाही! एका ऑडिटरनं शांतपणे विचारलं होतं, ‘‘सतरा तारखेला रविवार होता, तरी टेस्ट केलीत?’’ त्यावर जे मौन पसरलं ते बघण्यासारखं होतं.

खोट्या रजिस्टरचं नुकसान प्रमाणपत्र जाण्यात नाही. ते जातही नाही फारसं. नुकसान गिऱ्हाइकाची तक्रार येते तेव्हा कळतं. समजा, ट्रॅक्टरच्या कंपनीकडून फोन आला की तुमचा एक ब्रॅकेट तडकला. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ओतीला हीट नंबर असतो, तो नगावर उठवलेला असतो किंवा असायला हवा. त्या हीटचा स्पेक्ट्रोमीटर रिपोर्ट जुळवला, कार्बन किती, सिलिकॉन किती, मॅग्नेशियम घातल्यावर किती मिनिटांत ओतलं, हे सापडलं, तर त्या एका हीटचे नग बाजूला काढून बाकीचा माल वाचतो. नाही सापडलं, तर पाठवलेला सगळा लॉट परत येतो आणि वर त्यांच्या लाइनवर तपासणीला लावलेल्या माणसांचं बिलही येतं. एका हीटचा प्रश्न आणि पाच ट्रकांचा प्रश्न यात फरक असतो तो एका खऱ्या नोंदीचा.

मग मालक सॉफ्टवेअर घेतात. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं पैसे फार वाया जातात. एका कारखान्यानं काही लाख मोजून ईआरपी घेतलं. पुण्याहून मुलं आली, तीन महिने बसली, बारकोडची स्टिकरं लागली, टीव्हीवर डॅशबोर्ड लागला. सहा महिन्यांनी टीव्हीवर क्रिकेट. सगळे म्हणाले, सॉफ्टवेअर भिकार आहे. मी स्टोअरच्या मुलाला गाठलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, रात्री साडेनऊला मालकांचा फोन येतो, गाडी सोड म्हणून. सिस्टिममध्ये इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय चलन निघत नाही. मग काय करू? हातानं चलन फाडतो नि गाडी सोडतो. सकाळी एंट्री करायची म्हणतो, तोवर दुसरा फोन.’’

सॉफ्टवेअरनं त्याचं काम बरोबर केलं होतं. तपासणीशिवाय गाडी सोडू नको, असं ते म्हणत होतं. ते ऐकायचं नाही हा निर्णय मालकांचा होता आणि तो त्यांनी घेतलाय हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. गाडी कुणाच्या शब्दावर सुटणार, हे ठरवायच्या आधी बारकोड विकत घेतले तर ते भिंतीचीच शोभा वाढवणार. माझं मत विचाराल तर पहिली गरज काळ्या फळ्याची आहे. पाळी बदलताना दोन्ही फोरमननी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या : किती ओतलं, किती बाद झालं, का. ‘का’च्या रकान्यात ‘वाळू’ एवढंच लिहून चालणार नाही. आणि मालकांनी रात्री साडेनऊचा फोन करायचा नाही. फळा चार महिने खरा चालला तर मग खुशाल ईआरपी घ्या, तेव्हा ते चालेल. परवा एका मालकांचा पुतण्या सांगत होता, आता एआय रिजेक्शनचा अंदाज आधीच सांगतो. सांगेल की! पण त्याला खायला काय घालणार? एका रात्रीत लिहिलेलं रजिस्टर?

हिशेबाच्या बाजूला परिस्थिती वेगळी आहे, कारण तिथं सरकारनं शिस्त लावली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तुमच्या पुरवठादारानं विवरण भरलं नाही तर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये त्याचं बिल दिसत नाही आणि तुमचं क्रेडिट अडकतं. मग मालक स्वतः स्क्रॅपवाल्याला फोन करतात, ‘‘बाबा, रिटर्न भर.’’ ई-वे बिल आलं, ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस आलं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहावीच लागते. एंट्री कुणी, केव्हा बदलली हे पुसता येत नाही. मार्च अखेरीला ‘मॅडम, ते जरा ॲडजस्ट करा’ म्हणणारे फोन त्यामुळं थोडे कमी झाले, हा माझा फायदा. पण जमलेली ही सगळी माहिती सरकारकडं तोंड करून उभी आहे. कुठल्या गिऱ्हाइकाच्या कुठल्या नगावर पैसे सुटतात आणि कुठल्यावर घरचे जातात, हे जीएसटीच्या कुठल्याच विवरणात नसतं. ते मालकानंच स्वतःसाठी काढायचं असतं, आणि ते काढणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. एकानं काढलं तेव्हा कळलं की ज्या मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटले होते, तीच सगळ्यात जास्त तोट्यात होती.

नोंद नीट असेल तर पैसे लवकर मिळतात, हेही सांगायला हवं, कारण मालकांचे कान इथं टवकारतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. कायदा जुना, पण गिऱ्हाईक जाईल या भीतीनं कुणी वापरत नव्हतं. मग आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात तरतूद आली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्या मार्चमध्ये अनेकांची जुनी येणी पटापट जमा झाली. ज्यांची झाली नाहीत त्यांतल्या कित्येकांच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबरच छापलेला नव्हता. काहींकडे माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनाची प्रत नव्हती, ती ड्रायव्हरच्या सीटखाली होती. दिवस मोजायला सुरुवात कधीपासून करायची हेच सिद्ध करता येत नसेल तर ४५ दिवसांचा कायदा काय कामाचा? वर्षाला २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना बिलं वटवण्याच्या ट्रेड्‌स या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची झाली आहे. तिथंही खरेदीदारानं बिल मान्य केल्याशिवाय बँक पैसे देत नाही आणि बिल मान्य व्हायला कागद लागतात.

संगणकावरून होणाऱ्या चोरीचंही थोडक्यात सांगते. एका कारखान्यात सोमवारी सकाळी टॅली उघडेना, फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, रोज घेतला जात होता, पण ज्या पेनड्राइव्हवर घ्यायचे तो कायम त्याच संगणकाला लावलेला. तोही बंद. दुसरीकडं पुरवठादाराच्या नावानं मेल आला, ‘आमचं बँक खातं बदललंय’, आणि साडेसहा लाख भलत्याच खात्यात गेले. उपाय फुकट आहेत : एक बॅकअप संगणकाला न जोडता दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि खातं बदललं म्हणणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नका, हे मी सांगून दमले.

कारभाराचा सगळ्यात अवघड भाग मात्र घरातला. मालक कारखान्यातून घरखर्चाला उचलतात, लग्नाला उचलतात, धाकट्याच्या फ्लॅटला उचलतात. भावांमधलं पहिलं भांडण तिथूनच सुरू होतं आणि ते पैशापेक्षा ‘मला सांगितलं का नाही’ यावरून असतं. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षाला २० हजारांच्या वर दिलं तर फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. मालक वैतागले. मला बरं वाटलं. कापायचं म्हणजे आधी ठरवायचं, आणि ठरवायचं म्हणजे बसून बोलायचं. ज्या घरांत मी महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर बैठक सुरू करून दिली तिथं दोनच नियम ठेवले. जे ठरलं ते वहीत लिहून सगळ्यांनी सही करायची. आणि अमुक रकमेच्या वरचा खर्च एकट्यानं करायचा नाही, मग तो थोरला का असेना. एका बैठकीला चहा घेऊन आलेली सून बाहेर निघाली होती. ती बी.कॉम., चार वर्षं कारखान्याची बँक तीच बघत होती. मी म्हटलं, ‘‘वहिनी, तुम्ही बसा, आकडे तुम्हालाच माहीत आहेत.’’ सासऱ्यांनी खुर्ची सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदा घरात कळलं की कॅश क्रेडिटचं व्याज तीन भावांच्या मिळून होणाऱ्या उचलीपेक्षा जास्त जातंय.

माझी सगळ्यात जास्त झोप उडवणारा कागद मात्र भागीदारीचं करारपत्र. दोन मित्रांची फर्म होती, तीस वर्षांची. त्यातले एक जण हार्टअटॅकनं अचानक गेले. भागीदारी कायदा १९३२ चा आहे. करारपत्रात वेगळं ठरलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म संपते. आणि भागीदार दोनच असतील तर करारपत्रात काहीही लिहा, उरलेला एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नाही. बँकेत दोघांच्या एकत्र सहीचं खातं, ते थांबलं. शनिवारी पगार. उरलेल्या भागीदारानं धंदा एकट्याच्या नावावर घेतला की पॅन बदलतो, पॅन बदलला की जीएसटीची नोंदणी नवी, आणि ती नवी झाली की मोठ्या गिऱ्हाइकाकडचा व्हेंडर कोड नव्यानं काढावा लागतो. तो मिळेपर्यंत बिल काढता येत नाही. तयार माल शेडमध्ये, पैसे कुठंच नाहीत, आणि गेलेल्यांची बायको तेराव्या दिवशी विचारतेय, यात आमचं काय? तिला उत्तर देता येईल असा एकही कागद नव्हता. फर्म निबंधकांकडे नोंदलेलीही नव्हती. अशा फर्मला बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर वसुलीचा दावाही लावता येत नाही.

म्हणून वाचकांपैकी ज्यांच्या घरात भागीदारीचा धंदा आहे त्यांना एक विनंती. येत्या रविवारी कपाटातून करारपत्र काढा. फर्म निबंधकांकडे नोंदलेली आहे का बघा. एक भागीदार गेला तर वारसाला काय, किती आणि किती दिवसांत मिळणार, हे करारपत्रात लिहिलंय का बघा. भागीदार दोनच असाल तर तिसरा घेण्याचा किंवा एलएलपी करण्याचा विचार करा, आणि ज्यानं कागद करायचा त्या वकिलाला किंवा सीएला त्याच आठवड्यात फोन करा. फोरमनच्या खिशात डायरी असेल तर तिची झेरॉक्स मागा, आणि मागताना त्याचा पगार वाढवा.